महाविद्यालयीन रॉक, नारायणगावचा फड आणि 'भूमिगत' अभिरुची : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यार्थिदशेत ऐकलेल्या संगीताविषयी लिहिण्याची एक प्रथा गेल्या काही दशकांत चांगलीच रुळली आहे. प्रौढ वयातील प्राध्यापक, पत्रकार किंवा अभियंता आपल्या महाविद्यालयीन वर्षांतील आवडत्या, परंतु बाजारात फारशा न चाललेल्या रॉक बँडची यादी देतो. त्यांच्या कॅसेट कशा मिळवल्या, त्यांच्या प्रती कशा काढल्या, वसतिगृहाच्या खोलीत किती जणांनी मिळून त्या ऐकल्या, याचे तपशील सांगतो. या लेखनात आवडीचे मोल बहुधा एकाच मापाने ठरते. ते संगीत जितक्या थोड्यांना ठाऊक, तितकी ती आवड श्रेष्ठ मानली जाते. 'भूमिगत' हे विशेषण येथे गौरवाचे असते.

हे माप जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांना लावून पाहिले, तर काय दिसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांत शिकलेल्या पिढ्यांनाही तरुणपणीचे आवडते संगीत होते. त्यातील मोठा भाग महाविद्यालयाच्या सभागृहात कधी ऐकू आला नाही. मात्र तो दुर्मीळ होता म्हणून नव्हे. तो सर्वांच्या कानावर होता आणि तरीही तो आवडतो असे सांगणे अवघड होते. हा फरक लक्षात घेतल्यास 'भूमिगत' या संज्ञेचाच पुनर्विचार करावा लागतो.

'कॉलेज रॉक' या संज्ञेची घडण

'कॉलेज रॉक' हे नाव संगीताच्या अंगभूत गुणांवरून पडलेले नाही. ते प्रसारणाच्या साधनावरून पडले आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांकडे स्वतःची, कमी क्षमतेची, विनाव्यापारी नभोवाणी केंद्रे होती आणि ती प्रामुख्याने विद्यार्थी चालवीत. १९८० च्या दशकात मोठ्या व्यापारी केंद्रांनी दूर ठेवलेले बँड या केंद्रांवरून वाजू लागले. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठनगरीत १९८० मध्ये स्थापन झालेला आर.ई.एम., मिनियापोलिस परिसरातील हस्कर डू आणि द रिप्लेसमेंट्स ही त्यांतील ठळक नावे. आर.ई.एम.ने १९८८ मध्ये वॉर्नर या मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी काहींना तो आपल्या आवडीचा पराभव वाटला. आपले संगीत सर्वांचे झाले, ही या अभिरुचीची खरी तक्रार असते.

या साऱ्याचा पाया महाविद्यालयाच्या हातातील ध्वनिक्षेपकावर उभा होता. भारतात नभोवाणी दीर्घकाळ शासनाच्या मक्तेदारीत राहिली. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा देणारे धोरण २००२ साली आले आणि असे पहिले केंद्र २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झाले. जुन्नर तालुक्यात तर या संदर्भात एक विलक्षण योग आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे. मानवनिर्मित रेडिओ लहरींचा गोंगाट येथे कमी आहे, हे जागेच्या निवडीमागील एक महत्त्वाचे कारण होते. ज्या परिसराचे वैज्ञानिक मोल त्याच्या रेडिओ-शांततेत होते, तेथे 'कॉलेज रॉक' त्याच्या मूळ अर्थाने घडणे शक्यच नव्हते. येथील विद्यार्थ्याच्या कानावर संगीत आले ते प्रत्यक्ष वादनातून, यात्रेच्या कर्ण्यातून आणि कॅसेटमधून.

मुंबई-पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात महाविद्यालयीन रॉकचा खरा विस्तार मुंबईत झाला. धोबी तलाव भागातील, झेवियर्स महाविद्यालयालगतचे रंगभवन हे खुले नाट्यगृह त्याचे केंद्र होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीन या बँडने परक्या गाण्यांच्या पुनरावृत्तीकडून स्वतःच्या रचनांकडे वाटचाल केली आणि १९८८ मध्ये आपला पहिला अल्बम काढला. पुढे हाच बँड इंडस क्रीड या नावाने ओळखला गेला. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. १९९३ मध्ये 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक निघाले. ते मुंबईतून नव्हे, तर अलाहाबादमधून निघाले, ही गोष्ट या अभिरुचीच्या प्रसाराविषयी पुरेशी बोलकी आहे.

या प्रवाहाशी मराठी मध्यमवर्गाचे नाते जोडणारी व्यक्ती म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या नाट्यघराण्यात वाढलेले नंदू भेंडे १९७० च्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गात होते. १९७८ मध्ये थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' हे ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वर आधारलेले नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात प्रमुख भूमिकेत नंदू भेंडे होते. रॉक गायकाचा आवाज आणि 'तमाशा' हा शब्द असलेले शीर्षक यांची गाठ पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर पडली. या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. तथापि एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. रॉक आणि तमाशा या दोहोंना सुशिक्षित प्रेक्षागृहात प्रवेश मिळाला तो नाटककाराचे नाव, युरोपीय मूळ संहिता आणि प्रायोगिकतेची प्रतिष्ठा यांच्या आधारे. तमाशा हा शब्द आत आला. फड बाहेरच राहिला.

पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन फिरोदिया करंडकाच्या मंचावर गिटार, ढोलकी, सिंथेसायझर आणि ताशा एकत्र वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद अनेक वर्षे दिसत आले आहेत. मराठी विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेल्या संगीताचा शोध घ्यायचा असेल, तर तो या स्पर्धेच्या वाद्यमेळात अधिक सापडतो. जुन्नर-आंबेगावहून पुण्यात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला रॉकची ओळख साधारणपणे अशा वातावरणात झाली. बँडची नावे सांगता येणे हे त्या शहरात मिसळण्याचे एक साधन होते. गावाकडचे कोणते नाव सांगू नये, हेही त्याच वेळी शिकले जाई.

'बँड' या शब्दाचा स्थानिक अर्थ

जुन्नर किंवा मंचरच्या बाजारपेठेत 'बँड' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो लग्नाच्या वरातीतला पितळी वाद्यांचा ताफा. त्याच्या जोडीला बेंजो पार्टी. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेला हा बेंजो म्हणजे तारवाद्याचे एक साधे रूप. पण त्याला विद्युत् जोडणी देऊन तो कर्ण्यातून वाजविला की त्याचा सूर फाटतो, खरखरीत होतो आणि ढोल-ताशाच्या वरून रस्ताभर पसरतो. रॉकमध्ये गिटारचा जो फाटलेला स्वर कलात्मक निवड म्हणून गौरविला जातो, तो येथे साधनांच्या मर्यादेतून आला आणि श्रोत्यांनी तो आनंदाने स्वीकारला. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत या वाद्यावर बेभान नाचणारे तरुण बहुसंख्येने शाळा-महाविद्यालयांतले होते. तरीही वार्षिक स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत बेंजो पार्टीला कलाप्रकार म्हणून स्थान मिळाल्याची उदाहरणे विरळाच. मिरवणुकीतले वाद्य आणि संमेलनातले संगीत यांच्यामध्ये एक अलिखित सीमारेषा होती.

नारायणगावचा फड

या सीमारेषेच्या पलीकडे सर्वांत ठळकपणे उभा होता तो तमाशा. पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या यात्रांपूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि यात्रा समित्यांची माणसे येऊन, दर ठरवून, सुपारी देऊन जातात. ज्या रस्त्याने विद्यार्थी एस.टी.ने महाविद्यालयात जात, त्याच रस्त्याच्या कडेला हा व्यवहार चाले.

या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या विठाबाई नारायणगावकर १९३५ मध्ये जन्मल्या आणि १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तल्या. आजोबा, वडील भाऊ, चुलते बापू आणि पुढे मंगला बनसोडे अशी ही परंपरा. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. उतारवयात मात्र आर्थिक विवंचना त्यांच्या वाट्याला आली. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

फडाच्या संगीताची रचना ध्यानपूर्वक पाहिली पाहिजे. ढोलकी आणि हलगी यांच्या जुगलबंदीने प्रयोगाला प्रारंभ होतो. शाई लावून चढवलेल्या पुडीचा टणत्कार आणि डाव्या पुडीचा घुमारा यांतून ढोलकीवाला लय उभी करतो, हलगी तिला छेद देते, तुणतुण्याची एकच तार सतत आधारस्वर धरून राहते आणि झांज काळाचे मोजमाप ठेवते. मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. सुरत्या आणि झीलकरी ओळीचा शेवट तारस्वरात उचलतात. हजारोंच्या जमावाला, उघड्या माळावर, रात्रभर जागे ठेवण्यासाठी हे संगीत घडले आहे. त्याची उंच पट्टी, त्याचे आघात, त्याचा आवाज हे सारे या गरजेतून आलेले गुण आहेत. त्यांना भडकपणा म्हणणे म्हणजे मैदानी संगीताला बैठकीच्या निकषांनी नापास करणे होय.

दुसरीकडे, फडाला शुद्ध लोकपरंपरा म्हणून देव्हाऱ्यात बसविणेही वस्तुस्थितीला धरून नाही. रंगबाजीत चालू चित्रपटगीते पूर्वीपासून आहेत. पुढे ऑर्गन, ऑक्टोपॅड, रंगीत प्रकाशझोत आले. कनातीचा फड म्हणजे मालमोटारी, जनित्र, तंबू आणि मोठा कलावंत-कामगारवर्ग घेऊन गावोगाव फिरणारा व्यवसाय. तिकीट फाडून आलेला प्रेक्षक रुसला, तर दुसऱ्या गावाचा खर्च निघत नाही. नव्याचा स्वीकार ही येथे उपजीविकेची अट होती.

साम्य आणि त्याची मर्यादा

वरील वर्णनावरून 'तमाशा हाच आमचा रॉक' असे म्हणण्याचा मोह होतो. साम्यस्थळे खरी आहेत. दोन्हींत लयवाद्याचे प्राबल्य आहे, फिरस्ती आहे, रात्रीचा जमाव आहे, वडीलधाऱ्यांची नापसंती आहे. शासनाचा संशयही दोन्हींच्या वाट्याला कमी-अधिक प्रमाणात आला. तमाशाला तर स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बंदीला आणि त्यानंतर संहितांच्या तपासणीला तोंड द्यावे लागले. अलीकडच्या काळात एकाच कायद्याने दोघांनाही गाठले, हे विशेष. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांमुळे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवती शांतता क्षेत्रे आखली गेली. मुंबईत रंगभवन रॉकच्या हातून गेले. ग्रामीण भागात रात्रभर चालणाऱ्या वगाची रात्रच आखूड झाली.

परंतु साम्य येथे संपते. पहिला भेद नावांचा आहे. रॉक बँडचे नाव हे स्वतः निवडलेले, व्यक्तीला झाकणारे नाव असते. यंत्र, धातू, प्राणी, शाप असे काहीही चालते. फडाचे नाव मात्र 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' असे असते. त्यात माणसे आहेत, जात आहे, गाव आहे. एका नावात घरापासून सुटण्याची इच्छा आहे. दुसऱ्यात सुटका नसल्याची जाहीर नोंद आहे, आणि त्या नावाने लोक लांबून चालत येत, हा त्या कलावंतांनी नावाला मिळवून दिलेला मानही आहे.

दुसरा भेद बाहेर पडण्याच्या वाटेचा आहे. महाविद्यालयीन बँडमधील तरुण पदवीनंतर नोकरीत गेला, तर त्याची गिटार भिंतीवर टांगली जाते आणि आठवणीला एक हळवी झालर मिळते. फडातील कलावंत हंगामापूर्वी मालकाकडून उचल घेतो; मालक सावकाराकडून रक्कम उचलतो; हंगाम बुडाला तर दोघेही पुढच्या हंगामाला बांधले जातात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा ही साखळी किती घट्ट आहे, हे उघडपणे दिसले.

विठाबाईंविषयी सांगितली जाणारी प्रसिद्ध कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी लागते. प्रयोग चालू असताना प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळाला जन्म देऊन त्या पुन्हा मंचावर उभ्या राहू लागल्या, अशी ती कथा. ती बहुधा कलानिष्ठेचा कळस म्हणून सांगितली जाते. ती कामाच्या परिस्थितीची कथा म्हणूनही वाचता येते. नऊ महिने भरलेल्या स्त्रीला त्या रात्री मंचावर उभे राहणे टाळता आले नाही, हा त्यातला पहिला अर्थ आहे. निष्ठेचा गौरव करताना हा अर्थ पुसला जाऊ नये. रॉकच्या दंतकथांत कलावंत स्वतःला उधळून देतो. या कथेत तसे करण्याची मुभाच कोणाला नव्हती.

श्रोता कोण होता?

'विद्यार्थिदशेतील आवडते संगीत' या शब्दप्रयोगातील विद्यार्थी कोण, हा प्रश्नही टाळता येत नाही. यात्रेच्या रात्री तंबूत किंवा माळावर जमणारा श्रोतृवर्ग मुख्यतः पुरुषांचा होता. त्याच महाविद्यालयात, त्याच बाकांवर शिकणाऱ्या विद्यार्थिनींना ढोलकी ऐकू येई ती घराच्या ओसरीवरून, दूरून. त्यांच्या आठवणीत हे संगीत असलेच, तर ते बंदीच्या स्वरूपात आहे. शिवाय पुढच्या रांगेतील शिट्ट्या, फेकलेले फेटे, दौलतजादा यांचे भागीदार विद्यार्थीही होते. रसिकता आणि नजर यांची येथे सरमिसळ झालेली आहे. ढोलकीवाल्याची दाद देणारा आणि नाचणारीला केवळ शरीर समजणारा, हे दोन वेगळे श्रोते नव्हते. अनेकदा ते एकाच देहात बसलेले होते. महाविद्यालयीन रॉकच्या आठवणींतही मुली बहुधा प्रेक्षागृहाच्या कडेला दिसतात. पण तेथे हा प्रश्न निदान विचारला जाऊ लागला आहे.

आदिवासी विद्यार्थ्यांचाही विचार व्हावा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम पट्टा महादेव कोळी, ठाकर या समाजांचा आहे. तेथून वसतिगृहात आलेल्या विद्यार्थ्याचे बोहाड्याचे, लग्नविधींचे संगीत तर तमाशाच्याही मागे राहिले. तमाशाला निदान नाव ठेवले जाई. या संगीताची विचारपूसच झाली नाही.

यावरून असे म्हणता येईल की 'भूमिगत' हा नादाचा गुण नाही. संगीत आणि त्याला नाव देणारी संस्था यांच्यातील तो संबंध आहे. अमेरिकेत विद्यापीठाच्या केंद्राने बाजाराने नाकारलेले संगीत वर आणले. जुन्नर-आंबेगावात बाजाराने, यात्रेने, हजारो श्रोत्यांनी स्वीकारलेले संगीत महाविद्यालयाने जमिनीखाली ठेवले. दिशा उलटी आहे. म्हणूनच येथे 'किती थोड्यांना ठाऊक होते' हे माप निरर्थक ठरते. विचारायला हवे ते असे : हे संगीत आवडते हे कोणाला सांगता येत नव्हते, आणि का?

महाविद्यालयांनी तमाशाला पूर्णपणे दारे बंद ठेवली, असेही नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत तमाशाचे प्रकार, पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई हिवरगावकर यांची नावे येतात. गुणांसाठी गण-गवळणीची व्याख्या पाठ केली जाते. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर लावणीनृत्य होते व त्याला टाळ्याही पडतात. पण व्याख्येतील तमाशाला घाम नसतो, आणि ध्वनिमुद्रित लावणीला ढोलकीवाल्याची गरज नसते. यात्रेत रात्रीच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जो कार्यक्रम होतो, त्याला 'हजेरी' म्हणतात. महाविद्यालयाच्या पटावर दुसरी एक हजेरी असते. यात्रेच्या दिवसांत अनेक विद्यार्थ्यांची पहिली हजेरी लागे, दुसरी चुके. आणि गैरहजेरीचे खरे कारण अर्जात लिहिले जात नसे.

समारोप

या चिकित्सेचा रोख रॉकवर प्रेम करणाऱ्यांना दोष देण्याकडे नाही. रंगभवनात किंवा वसतिगृहाच्या खोलीत ऐकलेल्या गिटारीने एका पिढीला खरोखर मोकळा श्वास दिला, आणि जुन्नरच्या मुलालाही तो हक्काचा होता. आक्षेप आहे तो आठवणींच्या यादीतून एक नाव वगळण्याला, आणि वगळलेल्या नावाला नंतर 'वारसा' म्हणून परत आणण्याला. तमाशाला रॉकच्या शेजारी ठेवल्याने तो प्रतिष्ठित होतो, ही समजूतही तपासून घ्यावी. त्याला उसन्या प्रतिष्ठेची गरज नाही. त्याच्या ढोलकीला तज्ज्ञ कान हवे आहेत आणि त्याच्या कलावंताला पूर्ण मोबदला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांना स्थान मिळाले आहे. या तालुक्यांत ज्ञानपरंपरा म्हटले की नाणेघाटातील नागनिकेचा लेख, लेण्याद्री आणि शिवनेरी यांची नावे चटकन पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. त्याच यादीत ढोलकीच्या पुडीला शाई कशी बसवतात, हलगी कशी शेकतात, वगाची संहिता न लिहिता कशी पाठ राहते, सुपारीचा दर कसा ठरतो, हेही ज्ञान आहे. ते जाणणारी माणसे नारायणगावच्या राहुट्यांत हंगामात भेटतात. त्यांना पाहुणे कलाकार म्हणून एका दिवसापुरते बोलावण्यापेक्षा मानधनावर शिक्षक म्हणून बोलाविणे, त्यांच्या संमतीने त्यांचे वादन व आत्मकथन ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात नोंदणीसह ठेवणे, आणि विद्यार्थिनींना ते मोकळेपणाने ऐकता येईल अशी व्यवस्था करणे, ही महाविद्यालयांच्या आवाक्यातील कामे आहेत.

आणि या परिसरातील प्राध्यापकवर्गापैकी अनेकांची स्वतःची विद्यार्थिदशाही याच रस्त्यावर गेली आहे. आवडत्या संगीताची यादी पुन्हा करायची झाल्यास, त्यांना पुण्यातल्या बँडच्या नावांआधी एखाद्या फडाचे पूर्ण नाव, त्यातील जातिवाचक शब्दासह, उच्चारता येते का, ही या लेखातील प्रश्नाची पहिली कसोटी ठरेल.